तिनं 600 येन परत दिले म्हणून रुसून बसू नकोस

पत्र आधी देते. पोरीनं लई मोठं लिहिलंय, त्यातलं ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय आणि जरा कापलंय.

"मावशी, नमस्कार. मी सोलापूरची, सात रस्त्याकडं घर आहे, वय 25. आठ महिने झाले नोकरीसाठी टोकियोत आहे. निशी-कासाईत राहते, इथं आपले इंडियन लोक भरपूर, त्यामुळं कढीपत्ता, तूरडाळ सगळं मिळतं पण मैत्रीण म्हणावी अशी कोणी नव्हती. जपानी शिकायच्या क्लासला एक मुलगी यायची, आम्हाला बोलायची प्रॅक्टिस द्यायला, माझ्याच वयाची. तिनं एकदा स्वतःहून विचारलं, उएनोच्या झूला येतेस का. मी इतकी खुश झाले की आदल्या रात्री जागून पोळ्या, बटाट्याची भाजी आणि आईनं पाठवलेली शेंगा चटणी असं दोघींचं पॅक केलं.

तिकिटाच्या मशीनवर मी पटकन दोघींचं तिकीट काढलं, तर तिनं तिथंच पर्समधून मोजून 600 येन काढून माझ्या हातात ठेवले. मी नको नको म्हणतेय तरी. जेवायला बसलो तर तिनं स्वतःचे दोन ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, काढले, माझ्या डब्यातला एक घास खाल्ला, ओइशी म्हणजे छान लागतंय म्हणाली आणि घटाघटा पाणी प्यायली, संपलं. मग एका पक्ष्यासमोर अर्धा तास उभी. तो पक्षी हलत पण नाही, नुसता पुतळा. मी आपली मोबाईल बघत बसले. हत्तींपाशी आल्यावर मला एकदम पप्पा आठवले, लहानपणी सुट्टीत ते मला विजापूर रोडच्या झूला न्यायचे, तीन वर्षांपूर्वी ते गेले. मला रडूच फुटलं. तिनं टिश्यूचं पाकीट दिलं आणि दुसरीकडं बघत उभी राहिली. काय झालं विचारलं नाही, पाठीवर हात नाही, काही नाही. चार वाजता स्टेशनवर वाकून 'माता इकिमाशो' म्हणजे परत जाऊया म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी लाईन ॲपवर तिचा थँक्यूचा मोठा मेसेज आला, त्यातलं मला निम्मंच कळलं, मी अस्वलाचा एक स्टिकर टाकला. त्याला तीन आठवडे झाले. क्लासलाही सध्या सुट्टी आहे. आई म्हणते तिकडचे लोक कोरडे, तू आपल्या लोकांतच राहा. माझं काय चुकलं? की मी तिला आवडलेच नाही? परत मेसेज केला तर गळ्यात पडल्यासारखं होईल का?"

पोरी, आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते म्हणजे तुझा जीव खाली पडेल. मेसेज कर. उद्या परवा नाही, आजच कर. काय लिहायचं ते खाली सांगते पण त्याआधी तुला थोडं बोलणार आहे, गोड लागणार नाही, ऐकून घे.

आता ते 600 येन. रुपयात साडेतीनशेच्या आत-बाहेर झाले. तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त टोचलंय ते तेच, मला कळलं, कारण मलाही एकदा असंच टोचलं होतं आणि तेही परदेशात नाही, इथंच, सोलापुरात.

मी मूळची चिपळूणची. 1983 च्या मे महिन्यात लग्न होऊन इथं आले, मे महिन्यात म्हणजे बघ, घाम तर येत नव्हता, यायच्या आधीच वाळत होता. आमचं घर पूर्व भागात, चारी बाजूला यंत्रमागांची खडखड आणि गल्लीत सगळं तेलुगू. मला तेलुगू येईना, त्यांना माझी कोकणी वळणाची मराठी कळेना, समोरच्या दारात बसणाऱ्या बायका विड्या वळता वळता माझ्याकडं बघून हसायच्या आणि मला वाटायचं माझ्यावरच हसायल्यात. त्यातल्या एक अक्का, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या, जानेवारीत मला म्हणाल्या गड्ड्याला चल. गड्डा तुला सांगायला नको, संक्रांतीची सिद्धेश्वराची यात्रा, पण मला तेव्हा गड्डा म्हणजे खड्डा एवढंच माहीत होतं, मला वाटलं कुठं खड्डा बघायला नेतेय ही बाई. होम मैदानावर गेलो, रहाटपाळण्यात बसलो, पैसे मी दिले दोघींचे. खाली उतरल्या उतरल्या अक्कांनी कमरेच्या पिशवीतून दीड रुपया काढला आणि माझ्या मुठीत कोंबला. मी नको म्हटलं तर चक्क रागावल्या. मी चार दिवस तोंड फुगवून बसले. आमच्याकडं असं कोणी पैसे परत दिले की त्याचा अर्थ तुझं-माझं काही नातं नाही असाच व्हायचा.

अर्थ मला पुढं वर्षभरानं कळला, तोही त्यांच्याच तोंडून. हजार विड्या वळल्या की किती पैसे येतात हे ज्या बाईच्या बोटांना पाठ असतं ती बाई कुणाचं देणं अंगावर ठेवून झोपत नाही. मी तुझा दीड रुपया माझ्या अंगावर ठेवला असता तर पुढच्या वेळी तुला चल म्हणायला मला लाज वाटली असती, असं म्हणाल्या. म्हणजे परत यायचं होतं म्हणून पैसे परत दिले! आणि मी खुळी तोंड फुगवून बसलेली.

तुझी मैत्रीण म्हणजे अक्का नाही, हे मलाही कळतं. तिकडं तर आपापलं आपण द्यायचं हा रिवाजच आहे, वारिकान म्हणतात ना त्याला, माझी भाची योकोहामात चार वर्षं होती तिच्याकडून ऐकलंय. ऑफिसमधले लोकसुद्धा हॉटेलात बसले की बिलाचे भाग पाडतात आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. उलट कुणी जास्त केलं की समोरच्याच्या डोक्यावर परतफेडीचं ओझं येतं, आता हिला काय द्यायचं, कधी द्यायचं, तेवढ्याच किमतीचं द्यायचं का. तू प्रेमानं तिकीट काढलंस पण न विचारता काढलंस, तिनं ते ओझं तिथल्या तिथं उतरवून टाकलं. झालं. तुझ्या हातात तिनं 600 येन ठेवले, नातं तोडल्याची पावती नाही ठेवली.

डब्याचं पण तसंच थोडं आहे पण त्यात तुझी एक मोठी चूक आहे, ती सांगते. तू शेंगा चटणी दिलीस आणि आधी विचारलं नाहीस की तुला शेंगदाणा चालतो का. काही जणांना शेंगदाण्यानं घसा सुजतो, श्वास कोंडतो, ही गंमत नाही. नशीब की तिला चालला. पुढच्या वेळी कुणालाही खाऊ घालायच्या आधी ॲलर्जी विचारायची, तिकडं आरेरुगी म्हणतात, तो शब्द पाठ कर. दुसरं, आपली चटणी म्हणजे उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली, लाल, आणि तू ती त्या बिचारीला पहिल्याच घासाला दिलीस, ती घटाघटा पाणी प्यायली त्याचं कारण तुला अजून कळलं नाही का गं? नाक मुरडलं नव्हतं तिनं, तोंड भाजलं होतं! आणि तरी ओइशी म्हणाली. याला मी तरी कोरडं माणूस म्हणणार नाही.

बिनतिखटाची कर एकदा, नुसतं जिरं, मीठ आणि नावाला लसूण. टोकियोला लागूनच चिबा आहे ना, जपानातला बहुतेक शेंगदाणा त्या चिबातच पिकतो, तिकडं मिसोमध्ये, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेल्या खारट लगद्यात, घोळवलेले शेंगदाणे भाताबरोबर खातात. म्हणजे शेंगदाणा तिला परका नाही, आपली मिरची परकी आहे. आईला सांगून वेगळी कुटून घे, कडक भाकरीबरोबर दे. कडक भाकरी आवडतेच बघ, बिस्किटासारखी वाटते त्यांना, भाचीनं ऑफिसात नेली होती तर डबा चाटूनपुसून परत आला, फक्त ही भाकरी मोडायची कशी यावर म्हणे पाच मिनिटं चर्चा झाली.

आता मुद्द्याचं.

पोरी, तो पक्षी. तू त्याचं नावही लिहिलं नाहीस, पण उएनो आणि पुतळ्यासारखा उभा पक्षी म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं, तो हाशिबिरोको. इंग्रजीत शूबिल म्हणतात, चोच अगदी जुन्या लाकडी जोड्यासारखी, राखाडी रंगाचा, साडेतीन-चार फूट उंच. आफ्रिकेतल्या दलदलीत राहतो, युगांडा, दक्षिण सुदान, झांबिया त्या बाजूला. तो हलत नाही कारण तीच त्याची शिकार करायची पद्धत, चिखलाच्या पाण्यातला मासा श्वास घ्यायला वर येईपर्यंत हा तासन् तास श्वास रोखल्यासारखा उभा, आणि मासा वर आला की अख्खा पक्षी त्याच्यावर कोसळतो. ओळखीचं माणूस आलं की मान वाकवून चोचीचा खडखडाट करतो, तोच त्याचा नमस्कार. जगात फार उरले नाहीत. जपानात त्याचे वेडे चाहते आहेत, नुसतं त्याला बघायला लोक झूमध्ये येतात.

आणि तू मोबाईल बघत बसलीस.

मला हे लिहिताना तुझा राग आला होता खरं सांगू का. अगं, ती तुला पांडा बघायला घेऊन गेली नव्हती. 1972 ला चीनहून तिथं पांडा आले तेव्हापासून उएनो म्हटलं की सगळे पांडा पांडा करत आलेत. ही मुलगी तुला तिच्या पक्ष्यापाशी घेऊन गेली. तुझी जशी शेंगा चटणी तसा तिचा तो पक्षी. तुझी चटणी तिनं तोंड भाजलं तरी खाल्ली आणि तिचा पक्षी तुला पाच मिनिटं बघवला नाही. एक प्रश्न विचारायचा होतास, हा का हलत नाही, बस, मोडक्या जपानीत, हातवारे करून, मग बघितलं असतंस ती किती बोलते ते. कमी बोलणारी माणसं बहुतेक वेळा कुणीतरी बरोबर जागी प्रश्न विचारायची वाट बघत असतात, आमच्या वर्गात मागच्या बाकावर अशी दरवर्षी दोन-तीन पोरं असायची, मी एकतीस वर्षं इतिहास शिकवलाय त्यामुळं हे तरी मला कळतं.

भाषेचं कारण देऊ नकोस. ज्या गावातनं तू गेलीस त्याच गावातनं डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस 1938 ला चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर उपचार करायला निघालेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातनं, चिनीचा गंध नव्हता. तिथं भाषा शिकले, तिथल्याच सहकारी मुलीशी लग्न केलं, मुलाचं नाव ठेवलं इन्हुआ, इन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. 1942 ला तिथंच वारले तेव्हा बत्तीस वर्षांचे होते. एवढ्या चार वर्षांत माणूस तिथला झाला. (अर्थात चीनचं ते युद्ध जपानशीच चाललं होतं, तेव्हा हा किस्सा मैत्रिणीला दुसऱ्याच भेटीत सांगायला जाऊ नकोस, जरा ओळख मुरू दे.)

तू रडलीस आणि ती दुसरीकडं बघत उभी राहिली. हे तुला सगळ्यात जास्त लागलंय पण तू ते पत्रात घाईघाईनं लिहून पुढं गेलीस, मी मात्र तिथं थांबले. आपल्याकडं कुणी रडलं की चार बायका गोळा होतात, पाणी आण, बस इथं, काय झालं सांग, आणि सांगितल्याशिवाय सोडत नाहीत. त्यात माया असते हे खरं. पण कधी कधी सांगायचं नसतं ना गं? माझे मिस्टर गेले तेव्हा दहा दिवस घरात येणाऱ्या प्रत्येकाला मी कसं झालं, किती वाजता झालं, डॉक्टर काय म्हणाले हे सांगत होते, शेवटी मी न्हाणीघरात जाऊन कडी लावून रडायचे. तेव्हा अक्का यायच्या, दाराशी बसायच्या आणि वाती वळायच्या. माझ्याकडं बघायच्याही नाहीत. मला त्या दहा दिवसांतलं दुसरं कुणी नीट आठवत नाही, वाती आठवतात.

तुझी मैत्रीण निघून गेली नाही, घड्याळ बघितलं नाही, टिश्यू दिला आणि गर्दीकडं तोंड करून उभी राहिली म्हणजे तुझ्याकडं कुणी बघू नये अशी उभी राहिली, असं मला वाचताना दिसलं. मी तिथं नव्हते, चुकत असेन. पण तुला कसली शरम वाटायलीय ती टाकून दे. आणि तिला सांगून टाक की पप्पांची आठवण आली होती. ती आपणहून विचारणार नाही, सांगायचं तूच आहे, सांगितलंस की बघ.

हत्तींपाशीच रडू आलं याचं मला जरा नवल वाटलं कारण त्या उएनोच्या हत्तींचा आणि आपला एक धागा आहे, तो तुला माहीत नसावा. महायुद्धात 1943 ला, बॉम्ब पडून पिंजरे फुटले तर जनावरं शहरात सुटतील या भीतीनं उएनोतले मोठे प्राणी मारायचा हुकूम निघाला. तीन हत्ती होते. विष घातलेले बटाटे त्यांनी सोंडेनं बाजूला सारले, मग त्यांना उपाशी ठेवून मारलं. हे मी वर्गात सांगायचे तेव्हा शेवटच्या बाकापर्यंत चिडीचूप व्हायचं. युद्ध संपल्यावर तिथल्या पोरांना हत्ती बघायला मिळेना, तर त्यांनी पंडित नेहरूंना पत्रं लिहिली, शेकड्यांनी, आम्हाला एक हत्ती पाठवा म्हणून. आणि 1949 च्या सप्टेंबरमध्ये नेहरूंनी म्हैसूरकडची एक हत्तीण बोटीनं पाठवली, लेकीचं नाव दिलं तिला, इंदिरा. तिला हुकूम कळायचे ते कन्नडमधले! जपानी माणसांना माहुताकडून कन्नड शिकावं लागलं. मला या गोष्टीचं भारी हसू येतं, आपल्या सोलापुरात उतरवली असती तर भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत कुणीही तिच्याशी बोललं असतं. 1957 ला नेहरू जपानला गेले तेव्हा उएनोत जाऊन तिला भेटले, बरोबर खरी इंदिरा पण होती. हत्तीण 1983 पर्यंत जगली. म्हणजे बघ, मी इकडं सोलापुरात उतरले त्याच वर्षी ती तिकडं गेली. जवळजवळ चौतीस वर्षं परदेशात काढली बाईनं.

हे तुझ्या मैत्रिणीला सांग. तिच्या आजीनं लहानपणी इंदिरा बघितली असेल तर काय सांगावं, त्या पिढीतल्या टोकियोच्या पोरांनी रांगा लावल्या होत्या. निदान विचारायला एक चांगला प्रश्न तरी मिळाला तुला, आजीला विचारून सांग म्हणायचं.

मग आता राहिला तो अस्वलाचा स्टिकर. तिनं दुसऱ्या दिवशी एवढा मोठा मेसेज लिहिला, आणि तुला निम्मा कळला नाही म्हणून तू अस्वल पाठवून मोकळी झालीस! अगं भाषांतराचं ॲप कशासाठी आहे? तीन आठवडे तिचा मेसेज नाही म्हणून तू वाट बघायलीस आणि ती तिकडं म्हणत असेल की मी एवढं लिहिलं, हिनं अस्वल हलवलं, म्हणजे हिला कंटाळा आला होता वाटतं, मी उगाच हिला पक्ष्यापाशी उभं केलं. बोलायची पाळी तुझी होती. आधी तो मेसेज पुन्हा काढ आणि शब्दन् शब्द नीट वाच. मला खात्रीनं सांगता येणार नाही पण त्यात काहीतरी प्रश्न असणार असं माझं मन म्हणतं.

"माता इकिमाशो" वर मात्र भरवसा ठेवू नकोस आणि त्याचा राग पण मानू नकोस. आपण नाही का म्हणत नवी पेठेत कोणी भेटलं की, या की एकदा घरी जेवायला. कोण येतं? आणि खरंच कोणी दुसऱ्या दिवशी ताट वाढा म्हणून आलं तर आपलीच धावपळ. तो शब्द खोटा नसतो, पण त्याला वार आणि वेळ लावल्याशिवाय तो चालू होत नाही. तो वार तू लाव.

कुठं जायचं ते मी काढून ठेवलंय, भाचीला फोन करून. तू निशी-कासाईत राहतेस ना, तुझ्या घरापासून जवळच समुद्राकाठी कासाई रिनकाई पार्क आहे, तिथं पक्ष्यांसाठी राखलेला भाग आहे, तळी आहेत, लपून बघायच्या जागा आहेत. 2018 पासून तिथल्या किनाऱ्याचं नाव रामसरच्या यादीत आहे, म्हणजे जगात महत्त्वाच्या धरलेल्या पाणथळ जागांत. बागेत जायला पैसे पडत नाहीत, त्यामुळं 600 येनाचं रामायणही नाही. आणि तिथं एक पाळणा आहे, 117 मीटर उंच. गड्ड्यातला पाळणा आठवून बस त्यात, त्याचं तिकीट मात्र आपलं आपण काढायचं हं.

आणि जाताना रिकाम्या हातानं जाऊ नकोस, माळढोक घेऊन जा. पक्ष्यांची वेडी आहे ती आणि तू सोलापूरची, तुला कळतंय का तुझ्या पिशवीत काय आहे ते? नान्नज तुझ्या घरापासून वीस-पंचवीस किलोमीटर. 1979 चं अभयारण्य, माळढोकासाठीचं. मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरतो, उडणाऱ्या पक्ष्यांत इतके जड फार थोडे. आता देशात मिळून दोनशेसुद्धा उरले नाहीत म्हणतात, बहुतेक राजस्थानात, नान्नजला एखादा दिसला तर पेपरात बातमी येते. आम्ही शाळेची सहल न्यायचो तेव्हा पोरं काळविटांच्या मागं आरडाओरडा करायची आणि गवतात लांब एक करडं काहीतरी न हलता उभं असायचं, गाईड म्हणायचा तो बघा, आणि निम्म्या पोरांना दिसायचाच नाही. मलाही पहिल्यांदा दिसला नव्हता, मी आपलं हो हो दिसला म्हटलं. त्याचा फोटो शोधून पाठव तिला आणि सांग की आमच्या गावाजवळ पण एक न हलणारा पक्षी आहे, आणि तोही संपत आलाय. तुझं तिच्याशी काय बोलू, काय बोलू हे संपेल बघ.

आईचं म्हणशील तर आईवर चिडू नकोस, पोर लांब गेली की आया असंच बोलतात, माझी आई मला म्हणाली होती घाटावरची माणसं रांगडी, जपून राहा. आपल्या लोकांत जा की, गणपतीला जा, हळदीकुंकवाला जा, तापानं फणफणलीस तर खिचडी आणून देणारी माणसं तीच असणार. पण त्यांच्यातच राहायचं असेल तर मग एवढ्या लांब जाऊन तू बघितलंस काय, निशी-कासाईचा कढीपत्ता?

मेसेज असा लिही, जपानी तू कर, माझं मराठीत घे. "त्या दिवसासाठी थँक्यू, उत्तराला उशीर झाला, सॉरी, तुझा मेसेज नीट वाचायला वेळ लागला." (यात काही खोटं नाही.) "हत्तींपाशी मला माझे वडील आठवले, ते आता नाहीत, ते मला झूला न्यायचे. तू टिश्यू दिलास आणि शांतपणे थांबलीस, बरं वाटलं. त्या हाशिबिरोकोबद्दल मला तुला विचारायचंय, तो तुला कधीपासून आवडतो? आमच्या गावाजवळचा हा पक्षी, फोटो पाठवतेय. या किंवा पुढच्या रविवारी सकाळी दहाला कासाई रिनकाईला पक्षी बघायला येतेस का? डबा आणणार आहे, या वेळी तिखट नाही." एवढंच. चटणीची माफी मागत बसू नकोस, नाहीतर ती पण माफी मागेल आणि मग तुम्ही दोघी तासभर एकमेकींना सॉरी म्हणत बसाल.

नाही म्हणाली तर? दोन रविवार दिलेत, दोन्ही जमत नाहीत पण अमक्या दिवशी जमेल असं म्हणाली तर काहीच प्रश्न नाही. नुसतं जमणार नाही म्हणाली तर महिन्यानं अजून एकदा विचार. तेव्हाही नुसतंच जमणार नाही आलं तर मात्र सोडून दे, क्लासला भेटली की हसून बोल, पण मागं लागू नकोस. अशी माणसं असतात, तिकडं असतात तशी आपल्या गल्लीत पण असतात, त्यात तुझं काही कमी नाही. मग एकटीच जा त्या पार्कात. पक्षी बघायला येणारी माणसं सकाळी तिथं असतीलच, आणि तुझ्याकडं माळढोक आहे.

आणि एक काम माझं कर. परत उएनोला गेलीस तर त्या हाशिबिरोकोचा समोरून काढलेला एक चांगला फोटो मला पाठव. अक्कांना दाखवायचाय. आता त्यांना ऐंशी लागायला आली, दिसतं कमी पण मोबाईल डोळ्याला लावून बघतात. मी त्यांना परवा त्याचं वर्णन करून सांगितलं, दिवसभर एका जागी उभा असतो, कुणाशी बोलत नाही, फक्त वाकून नमस्कार करतो, तर म्हणाल्या की हे तर आमचे मामंजी.